सोबतीला कोण आहे

"सोबतीला कोण आहे?" सिस्टरनं विचारलं.

लायसन काफुका बाकावर बसला होता. सायकलवाल्यानं त्याला इस्पितळाच्या दारात उतरवलं होतं, आणि दारापासून या बाकापर्यंत येताना त्याला भिंत धरून थांबावं लागलं होतं. बोलण्याआधी त्यानं श्वास गोळा केला.

"बायको आहे."

"कुठं आहे ती?"

"मागं. शेडमध्ये."

"बरं. तिला सांगा, ताट आणि चादर घरून आणायची. आमच्याकडं काही उरलेलं नाही."

"सांगतो," लायसन म्हणाला.

त्याची बायको एनेलेस पेरणीनंतर लगेच गेली होती. आता शेतात कणसं वाळत आली होती.

खरं सांगितलं असतं तर सिस्टरनं त्याला परत पाठवलं असतं, आधी कुणाला तरी घेऊन या म्हणून. तिचंही बरोबर होतं. एवढ्या मोठ्या वॉर्डात दोन सिस्टर. पेशंटला कूस बदलून द्यायची, धुवायचं, भरवायचं, नसलेलं औषध बाहेरच्या दुकानातून आणायचं, प्राणवायूचं यंत्र बंद पडलं तर धावत जाऊन सांगायचं, हे सगळं सोबतीचं माणूस करतं. इस्पितळाच्या मागं त्या माणसांसाठी शेड आहे. तिथं चुली आहेत, नळ आहे, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आहेत. सोबतीशिवाय खाट मिळत नाही. हे सगळ्यांना ठाऊक आहे, लायसनलाही होतं.

पण तो खोटं बोलला ते खाटेसाठी नव्हे. सिस्टरनं विचारलं आणि तोंडातून आपोआप निघून गेलं. पहिल्या वेळीही हाच प्रश्न होता आणि हेच उत्तर होतं.

पहिली वेळ म्हणजे करोनाची. तेव्हा त्याला याच वॉर्डात ठेवलं होतं, पण सोबतीच्या माणसांना आत सोडत नव्हते. एनेलेस मागच्या शेडमध्ये राहिली. ती मक्याच्या पिठाचा नसिमा शिजवायची, वर पानांची भाजी घालायची, ताट फडक्यात बांधून दारावरच्या माणसाकडं द्यायची. लायसननं त्या साऱ्या दिवसांत तिला एकदाही पाहिलं नाही. ताट यायचं, त्यावर तिचं फडकं असायचं, आणि गाठ तिनंच मारलेली आहे हे त्याला कळायचं, कारण ती गाठ सोडवायला नेहमी त्रास व्हायचा. दुपारी ती खिडकीच्या बाहेर अंगणात येऊन ओरडायची, "काफुका, खाल्लंत का?" त्याच्यात ओरडायचं बळ नव्हतं. तो चमचा खाटेच्या लोखंडावर वाजवायचा. मग बाहेरच्या बायका हसायच्या. "बघा, नवरा बोलला."

तो बरा होऊन घरी गेला. एनेलेसला खोकला झाला. तिनं इस्पितळात जायचं नाव काढलं नाही. "आत्ताच तर तिथून आलो," ती म्हणाली. "जरा अंग टेकू द्या." आणि मग गेली.

आता लायसन त्याच वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर पडला होता. नाकावर प्राणवायूचा मुखवटा होता. यंत्र घरघरत होतं. तेव्हाही ती दिसत नव्हती, आताही दिसत नव्हती. बाहेर बायकांचे आवाज तेव्हाही होते, आताही होते. डोळे मिटले की काहीच बदललेलं नव्हतं. फक्त ताट येत नव्हतं.

हे शेजारच्या खाटेजवळच्या म्हातारीच्या लगेच लक्षात आलं. तिचं नाव नासिबेको. ती तिच्या धाकट्या भावाच्या, सँड्रामच्या, सोबतीला होती. सँड्राम साखरेच्या दुखण्यानं पडला होता आणि सारा वेळ भिंतीकडं तोंड करून असायचा. म्हातारीला सगळा वॉर्ड आगोगो म्हणायचा, म्हणजे आजी. डॉक्टरसुद्धा. मोठ्या पुरुषाला तसंच बाम्बो म्हणतात, म्हणजे बाबा.

"बाम्बो," पहिल्याच संध्याकाळी ती म्हणाली, "तुमचं ताट कुठं राहिलं?"

"येईल."

"कुठून? नदीवरून?"

"पीठ संपलंय. ती भावाकडं गेलीय आणायला."

"काय करता तुम्ही, बाम्बो? धंदा काय?"

"मक्याची गिरणी चालवतो. चालवायचो."

आगोगोनं भावाच्या पाठीवर थाप मारली. "ऐक, सँड्राम. गिरणीवाल्याच्या घरातलं पीठ संपलं." सँड्राम भिंतीशीच काहीतरी पुटपुटला. तिनं आपल्या भांड्यातली पेज अर्धी ओतून लायसनपुढं ठेवली. "घ्या. सकाळी तिला माझ्याकडं पाठवा. मला तिच्याशी बोलायचंय."

सकाळी कोणी आलं नाही. आगोगोनं पुन्हा पेज दिली. लायसनची चादर तिनंच ओढून नीट केली, पाणी तिनंच दिलं, आणि प्रत्येक काम करताना ती एनेलेसला नावं ठेवत गेली.

"मी पुष्कळ बायका पाहिल्या. शेडमध्ये बसून वेण्या घालतात आणि इकडं नवरा वाळतो. दिसते कशी तुमची बायको? मी शोधून काढते."

"उंच आहे," लायसन म्हणाला.

"उंच. एवढ्यावर शोधू? काय नेसलीय?"

"निळं. कोंबड्या छापलेलं."

ते वस्त्र एनेलेसच्या अंगाभोवती गुंडाळून तिला पुरलं होतं. लायसननं ते सांगितलं नाही. पण नेसणं सांगताना त्याला बरं वाटलं. कुणीतरी तिच्याबद्दल विचारत होतं. गावात कोणी विचारत नव्हतं.

गाव तरी कुठलं. त्याच्या लोकांत लग्न झालं की पुरुष बायकोच्या गावी राहायला जातो. जमीन तिची, घर तिचं, मुलं तिच्या घराण्याची. लायसन मिसरूड फुटल्यावर त्या गावात गेला आणि केस पिकेपर्यंत तिथला जावई होता. त्यानं तिथं विहिरीचं तोंड बांधलं, गिरणीचं इंजिन बसवलं, तिथल्या मयतांना खांदा दिला. एनेलेस गेल्यावर सुतक संपलं तेव्हा तिचा भाऊ मालितोनी सगळ्यांसमोर उभा राहिला आणि रीतीप्रमाणं बोलला. "तुम्ही आमची बहीण नीट सांभाळलीत. तुमच्याबद्दल आमची तक्रार नाही. आज आम्ही तुम्हाला मोकळं करतो." त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. बोलताना तो रडतही होता. पण मोकळं केलेला जावई त्या गावात राहत नाही. लायसननं घोंगडी आणि रेडिओ सायकलला बांधला आणि आपल्या आईच्या गावी आला. तिथं आता त्याची धाकटी बहीण लोझी राहत होती. तो लग्न होऊन गेला तेव्हा ती अंगणात नागडी धावायची. आता तिला नातवंडं होती. तिनं त्याला झोपायला एक खोली दिली, आणि तो पाहुणा असल्यासारखी अंघोळीचं पाणी दारात ठेवू लागली. एकुलती मुलगी तडाला जोहान्सबर्गला कुणाच्या घरी कामाला होती. सरहद्द बंद होती. ती फोनवर रडायची आणि मग पैसे संपून फोन तुटायचा.

आईच्या गावात त्याला दम लागू लागला. आधी चढ चढताना, मग सपाटीवर, मग नुसतं बसून. तो पारावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांना म्हणाला की छातीवर काहीतरी बसलंय. ते म्हणाले, "दुसरं काय बसणार? बायको गेली. माझी गेली तेव्हा माझ्याही छातीवर बसलं होतं. वर्ष जाऊ दे, उठेल." लायसनला ते पटलं. पटलं एवढंच नाही, आवडलंही. एवढी वर्षं बरोबर काढलेल्या बाईसाठी छातीवर काहीतरी बसायलाच हवं होतं. उजवी पोटरी सुजली, दुखू लागली, तेही त्यानं त्याच खात्यात टाकलं. करोना तर बरा झाला होता. इस्पितळानंच तसं सांगून घरी सोडलं होतं. आणि एकदा घरी सोडलेला माणूस पुन्हा इस्पितळात गेला की गाव त्याच्या शवपेटीसाठी फळ्या शोधू लागतं.

मग एका सकाळी त्याला चुलीपासून दारापर्यंत जाता येईना. लोझी शेतावर निघाली होती. "खिळे आणायला बाजारात जातो," तो तिला म्हणाला, आणि ती वळणाआड गेल्यावर त्यानं सायकलवाला थांबवला. तिची कापणी तोंडावर होती. तिच्या घरी तीन पोरं होती. ज्या भावाला ती नीट ओळखतही नाही त्याच्यासाठी तिनं शेडमध्ये येऊन का पडावं?

वॉर्डात त्याला पोटात सुई टोचू लागले. तरुण डॉक्टर रोज येऊन पोटरी दाबून बघायचा. एका सकाळी तो जरा जास्त वेळ थांबला.

"बाम्बो काफुका, तुम्हाला वाटलं तसा हा दम्याचा दम नाही."

"मला दम्याचा वाटला नव्हता."

"मग कसला वाटला होता?"

लायसननं पोटरीवर चादर ओढली.

"हे त्या करोनाचंच शेपूट आहे," डॉक्टर म्हणाला. "आजार गेला, पण जाताना रक्त घट्ट करून गेला. पायात गाठ झालीय आणि तिचा तुकडा फुप्फुसात गेलाय, असं मला वाटतं. नक्की बघायला मोठं यंत्र लागतं. ते राजधानीत, लिलोंग्वेला आहे. आज गाडी जातेय, तुम्हाला पाठवतो. असे परत आलेले तुम्ही पहिले नाही."

"मग छातीवर जे बसलंय ते," लायसननं हळू विचारलं, "ते हे आहे? नुसतं रक्त?"

"नुसतं कसं? यानं माणूस मरतो. पण औषध आहे. वेळेवर आलात तर विरघळते गाठ."

डॉक्टरनं ही चांगली बातमी म्हणून सांगितली, आणि ती चांगलीच होती. लायसनला मात्र वाटलं, आपल्या हातातलं काहीतरी कुणी काढून घेतलं.

सिस्टर कागद घेऊन आली. "बायकोला बोलवा. गाडीत सोबतीचं माणूस लागतं. मोठ्या इस्पितळात तर त्याशिवाय दारातून आत घेत नाहीत."

"ती जरा बाहेर गेलीय."

"रोजच बाहेर गेलेली असते," आगोगो म्हणाली. "सिस्टर, मी आजवर तिचं नखही पाहिलेलं नाही. निळं नेसते म्हणे, कोंबड्यांचं. मी शेडमध्ये तीन कोंबड्यावाल्या धरल्या. तिघींचे नवरे वेगळे निघाले."

"नाव काय तिचं?"

लायसननं नाव सांगितलं. न सांगून कसं चालणार होतं? सिस्टर निघून गेली, आणि थोड्या वेळानं खिडकीच्या बाहेरून तिचा आवाज आला.

"एनेलेस काफुका!"

लायसननं डोळे मिटले.

"एनेलेस काफुका, बाम्बो लायसनची बायको! वॉर्डात या!"

चुलीपाशी बसलेल्या बायकांनी हाक उचलली. इथं तशीच पद्धत आहे. शेड लांब आहे, अंगण मोठं आहे, म्हणून एकीनं ऐकलं की ती पुढच्या बाईला देते. "एनेलेस," चुलीपाशी. "एनेलेस," नळापाशी. "ए एनेलेस, तुझा नवरा निघाला, तू कुठं झोपलीस," दोऱ्यांपाशी कुणीतरी, आणि हसणं. नाव लांब लांब जात राहिलं, खालच्या ओढ्यापर्यंत, जिथं बायका कपडे धुतात. प्रत्येक हाकेनंतर थोडं थांबायचे. उत्तर यायला जेवढा वेळ लागतो तेवढं. मग पुन्हा.

सुतकात तिचं नाव एवढ्या मोठ्यानं कुणी घेतलं नव्हतं. मेलेल्या माणसाला अशी हाक मारत नाहीत. गेलेला माणूस हाक ऐकून वळला आणि आपल्याला आता काही करता येत नाही हे त्याला दिसलं, तर त्याचा जीव कुठंच लागत नाही. लायसननं मुखवटा काढला. पाय खाली सोडले. उजवा पाय टेकला तसा तो खाटेवर परत बसला.

"आगोगो."

"काय हो, मुखवटा का काढलात?"

"त्यांना थांबवा."

"का? येऊ दे तिला. मला बघायचीय एकदा."

"ती तिथं नाही." एवढं बोलून त्याला श्वास घ्यावा लागला. "ती नाहीच आहे. तिला पेरणीनंतर पुरलं."

आगोगोच्या हातात फडकं होतं. तिनं आधी त्याची नीट घडी घातली. मग ती खिडकीशी गेली, आणि या म्हातारीच्या अंगात एवढा आवाज असेल असं कुणाला वाटलं नसतं. "पुरे! हाक बंद करा! ती बाई गेलेली आहे!"

बाहेर एकदम शांत झालं. नळ कुणीतरी बंद केला.

आगोगो परत आली. तिनं लायसनच्या नाकावर मुखवटा बसवला, रबर कानामागं ओढलं, आणि ती खाटेजवळ फरशीवर बसली. पाय समोर लांब करून, हात मांडीवर ठेवून, मयताच्या घरी बायका बसतात तशी. शेडमधल्या काही बायका दारापर्यंत आल्या आणि त्याही तशाच खाली बसल्या. एकीच्या हाताला अजून पीठ होतं. सँड्रामनं भिंतीकडचं तोंड इकडं वळवलं.

एनेलेस गेली तेव्हा असं बसायची बंदी होती. सरकारनंच केली होती. पुरायला चार माणसं होती आणि ती लांब उभी होती.

"मी तिला काय काय बोलले," आगोगो शेवटी म्हणाली. "तुम्ही बोलू दिलंत."

"तुम्ही विचारत होतात तिच्याबद्दल."

"शिव्या देत होते मी, बाम्बो."

"हो. पण ती शेडमध्ये आहे असं समजून देत होतात."

आगोगोनं त्याचा सरकलेला मुखवटा सारखा केला. "विचित्र माणूस आहात," ती म्हणाली. "त्यासाठी माझ्या भावाची पेज खाल्लीत."

"मला ती पेज नकोच होती," सँड्राम म्हणाला. "ती मीठ घालत नाही."

दारातली एक बाई हसली आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

सिस्टर परत आली होती. ती रागावलेली नव्हती, किंवा रागावायला तिला वेळ नव्हता. "दुसरं कोण आहे? गाडी थांबणार नाही. कोणाचं तरी नाव सांगा."

लायसनला मालितोनी आठवला, पण त्याला आता हाक मारता येत नव्हती. जे सोडवलं ते सोडवलं. मग त्याला कळलं की सगळ्यांत जास्त जड हेच होतं. दुसरं नाव घेणं. ते घेतलं की त्या प्रश्नाचं उत्तर कायमचं बदलणार होतं.

"बहीण आहे," तो म्हणाला. "लोझी. लिलोंग्वेच्या रस्त्यालाच गाव आहे."

सिस्टरनं स्वतःच्या फोनवरून लावलं आणि फोन त्याच्या कानाशी धरला.

"लोझी, मी लायसन."

पलीकडं वारा ऐकू येत होता. ती शेतात होती. "खिळे मिळाले का?" लोझी म्हणाली. "का अजून लोखंड तापतंय?"

"मी इस्पितळात आहे."

"ते कळलं मला. सायकलवाला माझ्या दिराचा मुलगा आहे. इथं तुला कोणी ओळखत नसेल, पण तुला वाहून नेणाऱ्याला सगळं गाव ओळखतं."

"मग आली का नाहीस?"

"तू बोलावलं नाहीस म्हणून. मोठा भाऊ आहेस. खिळे म्हणालास, मी खिळे म्हणाले. सगळ्या गावाला सांगत फिरतेय, माझा भाऊ खिळे आणायला गेलाय. लोक विचारतात, काय होडी बांधतोय का?"

लायसनला हसू आलं आणि त्या हसण्यानं खोकला आला. सिस्टरनं फोन घेतला. "बाई, गाडी वडाच्या थांब्यावरून जाईल. ताट, चादर घेऊन उभ्या राहा. सोबतीला यायचंय तुम्हाला."

गाडीत त्याला आडवं घातलं. ड्रायव्हर कुरकुरत होता, आता रस्त्यात माणसं वेचत जायचं का, ही गाडी आहे की मिनीबस. आगोगो दारापर्यंत आली. त्याच्या चपला उशाशी ठेवून परत गेली.

लोझी थांब्यावर उभी होती. डोक्यावर गाठोडं, पायाला शेतातली माती. ती आत चढली आणि बाजूच्या फळीवर बसली. गाडी सुटली. तिनं भावाकडं पाहिलं, मग प्राणवायूच्या नळकांड्याकडं पाहिलं, मग आपल्या हातांकडं. हातांचं काय करायचं हे तिला कळत नव्हतं. तो म्हातारा दिसत होता, ती थकलेली दिसत होती, आणि दोघांची नाकं सारखी होती.

"तिथं मला विचारतील," ती म्हणाली. "काय खातो, काय सोसत नाही, आधी काय काय झालंय. मला यातलं काही ठाऊक नाही."

"मलाही नाही. ती द्यायची, मी खायचो."

"मग मी काय सांगू?"

लायसननं विचार केला. शेंगदाण्याचं कूट घातलेली भाजी त्याला आवडते हे त्याला माहीत होतं. तापात तो बडबडतो असं एनेलेस म्हणायची, पण काय बडबडतो ते तिनं कधी सांगितलं नव्हतं. अशा पुष्कळ गोष्टी होत्या. त्या आता कुणालाच माहीत नव्हत्या.

"बघू," तो म्हणाला. "विचारतील तसं ठरवू."

पुढं रस्ता उखडलेला होता. गाडी आपटली तशी सुजलेल्या पायातून कळ गेली आणि त्यानं दात आवळले. लोझीनं ते पाहिलं. ती फळीवरून उतरून खाली गुडघ्यांवर बसली आणि तिनं चाचरत दोन्ही हात पुढं केले.

"धरू का पाय?"

"धर."

तिनं घोटा धरला, गरम भांडं धरावं तसा, फक्त बोटांच्या टोकांनी.

"इथं?"

"नाही," लायसन म्हणाला. "जरा वर. आणि खालून हात घाल."